मुंबई रक्तगट आणि संवर्धित पेशी : एका पुराव्याचा इतिहास

मानवी रक्तगटांचा इतिहास कार्ल लँडस्टायनर यांच्या व्हिएन्ना येथील १९०१ सालच्या निबंधापासून सांगण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच होय. एका मनुष्याच्या रक्तरसात दुसऱ्याच्या तांबड्या पेशी मिसळल्या असता कधी त्या एकमेकींस चिकटून त्यांचे पुंजके होतात, कधी होत नाहीत. या क्रियेस समूहन म्हणतात. एवढ्या साध्या निरीक्षणावर एका संपूर्ण शास्त्राची उभारणी झाली आणि पुढील अर्धशतकभर त्या शास्त्राची सारी भिस्त याच एका प्रकारच्या पुराव्यावर राहिली. समूहन झाले तर पेशीच्या पृष्ठावर विशिष्ट द्रव्य आहे; न झाले तर नाही. ही पद्धती अत्यंत उपयुक्त असली, तरी एका बाबतीत ती अपुरी होती. अभावाचे कारण सांगणे तिला शक्य नव्हते. द्रव्य निर्माण करणारे जनुकच त्या व्यक्तीत नाही, की जनुक असून त्याचे कार्य अन्य कोठे तरी अडले आहे, या प्रश्नावर परीक्षानळी मूक राहते. ही उणीव कशी भरून निघाली, याचा विचार मुंबईत प्रथम आढळलेल्या एका दुर्मिळ रक्तगटाच्या उदाहरणाने प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१९५२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया या मुंबईच्या संशोधकांनी, लंडनमधील रूथ सँगर, आर. आर. रेस, डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स यांच्या सहकार्याने, एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. त्यात वर्णिलेल्या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ए द्रव्य नव्हते आणि बी द्रव्यही नव्हते. त्या काळच्या नेहमीच्या चाचणीप्रमाणे त्यांची गणना ओ गटात झाली असती. परंतु त्यांच्या रक्तरसात मिसळल्यावर ओ गटाच्या पेशींचेही समूहन होत होते. ओ गटाचे रक्त सर्वांस चालते, या समजुतीला हा सरळ छेद होता.

याचे स्पष्टीकरण एच या द्रव्यात सापडले. ‘एच’ ही संज्ञा मॉर्गन व वॉटकिन्स यांनी १९४८ साली वापरात आणली होती. ओ गटाच्या पेशींवर हे द्रव्य विपुल असते; ए, बी व एबी गटांच्या पेशींवरही ते कमीअधिक प्रमाणात आढळते. मुंबईतील या व्यक्तींच्या पेशींवर मात्र त्याचा मागमूस नव्हता, आणि म्हणूनच त्यांच्या रक्तरसात ए व बी यांच्या जोडीने एच द्रव्याविरुद्धही प्रतिपिंडे होती. अशा व्यक्तीस ओ गटाचे रक्त दिल्यास ते तिच्या शरीरात नष्ट होऊ लागते आणि तिच्या प्राणावर बेतू शकते. तिला केवळ तिच्याच गटाचे रक्त चालते. भारतात सुमारे दहा हजारांत एक व्यक्ती या गटाची असते, असे सामान्यतः सांगितले जाते, आणि नोंदलेल्या व्यक्तींत महाराष्ट्रातील लोकांचा वाटा मोठा आहे. वर्गीकरणातील एका चुकीचे मोल येथे जिवाने चुकवावे लागते. या सर्व इतिहासाकडे पाहताना हे भान सुटता कामा नये.

या गटास ‘ओ’ अक्षराच्या पायाशी लहान ‘एच’ लिहून दर्शविण्याची पद्धत पडली. एखाद्या चिन्हात ते निर्माण झाले त्या काळची समजूत कशी गोठून राहते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. हा ओ गटाचाच एक पोटप्रकार असावा, अशी सूचना त्या चिन्हातून मिळते. परंतु १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका इटालियन वंशाच्या कुटुंबाचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तो या सूचनेच्या अगदी विरुद्ध होता. त्या कुटुंबातील मातेच्या पेशींवर बी द्रव्य दिसत नव्हते. तरीही ते तिच्याकडून तिच्या कन्येत उतरले होते. म्हणजे मातेजवळ बी जनुक होते, केवळ ते प्रकट होत नव्हते. ‘बॉम्बे’ हे नाव या गटास याच निबंधाने मिळाले. जे दिसत नाही ते नसतेच असे नाही, हा धडा येथे प्रथम मिळाला; मात्र तो वंशावळीच्या तर्काने मिळालेला होता.

या तर्काला रसायनशास्त्राची जोड वॉटकिन्स व मॉर्गन यांनी दिली. त्यांच्या मते रक्तगटद्रव्ये पायरीपायरीने घडतात. पेशीपृष्ठावरील शर्करेच्या साखळीच्या टोकाशी प्रथम फ्यूकोज नावाची शर्करा जोडली जाते आणि एच द्रव्य तयार होते. या एच द्रव्यावर ए जनुकाचे एंझाइम एक शर्करा जोडते, बी जनुकाचे एंझाइम दुसरी. ओ गटात या दोहोंपैकी काहीच जोडले जात नाही व एच तसेच उरते. मुंबई गटात पहिली पायरीच गळालेली असते; त्यामुळे ए किंवा बी एंझाइम असले तरी त्यास काम करण्यास आधार मिळत नाही. शब्दाचा प्रकृतिभागच नसेल तर प्रत्यय कशास लागणार, तसाच हा प्रकार होय.

ही उपपत्ती सुसंगत होती. परंतु तिच्यात एक जुना वाद दडलेला होता. काही माणसांच्या लाळेत त्यांच्या रक्तगटाचे द्रव्य आढळते, काहींच्या आढळत नाही. पहिल्यांस स्रावी व दुसऱ्यांस अस्रावी म्हणतात. हा गुण दुसऱ्या एका जनुकावर अवलंबून असतो. प्रश्न असा होता, की हे स्रावी जनुक स्वतः एंझाइम घडविते, की एच जनुकाला लाळग्रंथीत केवळ कार्यप्रवृत्त करते? बहुतेक अभ्यासकांचा कल बराच काळ दुसऱ्या मताकडे होता. १९८१ साली राफाएल ओरिओल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबांच्या अभ्यासावरून पहिले मत पुढे मांडले : एच व स्रावी ही दोन्ही एंझाइम घडविणारी स्वतंत्र जनुके असून ती एकाच गुणसूत्रावर एकमेकांच्या निकट आहेत. तथापि निकट असलेली जनुके पिढ्यान्पिढ्या जोडीनेच संक्रमित होत असल्यामुळे त्यांपैकी कोणाचे कार्य कोणते, हे केवळ रक्त व लाळ तपासून निर्विवादपणे ठरविणे कठीण होते. दोन्ही जनुके वेगळी करून एकेक स्वतंत्रपणे पाहता येतील अशी जागा हवी होती. ती जागा मनुष्याच्या शरीरात नव्हती, काचपात्रात होती.

शरीराबाहेर पोषक द्रवात पेशी जिवंत ठेवण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालू होते. अमेरिकेत विल्टन अर्ल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० नंतरच्या दशकात उंदराच्या पेशींचा ‘एल’ नावाचा वंश तयार केला. १९५१ साली बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून, तिच्या संमतीवाचून, घेतलेल्या पेशींपासून ‘हेला’ हा मानवी वंश सुरू झाला. मुंबईतील निरीक्षण व हेला पेशी या दोहोंचा काळ जवळजवळ एकच असला, तरी त्यांची गाठ पडण्यास जवळपास चार दशके जावी लागली. जनुक एका पेशीतून काढून दुसरीत घालण्याचे तंत्र हाती येईपर्यंत रक्तगटाच्या अभ्यासकास अशा पेशींचा उपयोग मर्यादितच होता.

१९८९ व १९९० या दोन वर्षांत हे चित्र पालटले. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात जॉन लोव यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या एल पेशींची निवड केली, त्यामागे एक नेमका विचार होता. या पेशींत एच द्रव्याला लागणारी साखळी होती आणि फ्यूकोजही होते; नव्हते ते केवळ त्या दोहोंस जोडणारे एंझाइम. संशोधकांनी मानवी पेशींतील डीएनए या पेशींत घातला आणि ज्या थोड्या पेशींच्या पृष्ठावर एच द्रव्य उमटले तेवढ्या वेचून घेतल्या. वेचलेल्या पेशींत मानवी डीएनएचा जो तुकडा समाईक निघाला, त्यातून एच जनुकाचा शोध लागला. १९९० साली त्याची संपूर्ण अक्षरमाला प्रसिद्ध झाली. त्यापासून बनणारे एंझाइम ३६५ ॲमिनो अम्लांचे आहे. माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या कॉस या पेशीवंशात हे जनुक घातले असता तेथेही एच द्रव्य निर्माण झाले. एच जनुक एकटेच एच द्रव्य घडविण्यास समर्थ आहे, हे यावरून सिद्ध झाले. पुढे १९९५ साली स्रावी जनुकही हाती आले, तेही स्वतंत्र एंझाइम घडविते असे दिसून आले, आणि ओरिओल यांच्या मताला प्रत्यक्ष आधार मिळाला.

१९९० सालीच सिॲटल येथे फुमिइचिरो यामामोतो, हेन्रिक क्लाउसेन, सेन-इतिरोह हाकोमोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ए, बी व ओ या जनुकरूपांतील भेद उलगडला. ए व बी यांच्या एंझाइमांत केवळ चार ॲमिनो अम्लांचा फरक निघाला, तर सर्वसामान्य ओ रूपात एका अक्षराचा लोप होऊन पुढील सारे वाचन बिघडलेले आढळले. परंतु चारपैकी कोणता फरक निर्णायक, हे अक्षरमाला वाचून कळण्यासारखे नव्हते. त्यासाठी यामामोतो व हाकोमोरी यांनी ए व बी यांचे अंश निरनिराळ्या प्रकारे जोडून मिश्र जनुके बनविली आणि ती हेला पेशींत घालून पेशीपृष्ठावर काय उमटते ते पाहिले. चारपैकी तिसऱ्या व चौथ्या स्थानी, म्हणजे २६६ व २६८ या क्रमांकांवर, काय आहे यावर ए की बी हे मुख्यतः ठरते, असे दिसून आले. अक्षरांची नोंद करणे व त्यांतील अर्थभेदक अक्षर कोणते हे ठरविणे, या दोन भिन्न क्रिया आहेत. भाषेचा अभ्यासक दोन शब्दांत केवळ एक ध्वनी बदलून अर्थ बदलतो की नाही हे भाषकाकडून तपासून घेतो. येथे भाषकाच्या जागी जिवंत पेशी होती.

मुंबई गटाचा प्रश्न यानंतर याच मार्गाने सुटला. १९९४ साली लोव यांच्या गटाने एच द्रव्य नसलेल्या व्यक्तींची जनुके तपासली. एका कुटुंबात ३१६ व्या स्थानी एंझाइमचे वाचन अकाली थांबविणारा बदल सापडला, आणि त्या जनुकापासून कार्यक्षम एंझाइम मिळत नाही, हे संवर्धित पेशींत दिसून आले. मुंबई गटाच्या भारतीय व्यक्तींत हाच बदल असेल, असे मानण्याचा मोह होण्यासारखा होता. पण तसे निघाले नाही. १९९७ साली जपानमधील कोडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या एच जनुकात ७२५ व्या स्थानी थायमीनऐवजी ग्वानीन आले होते, आणि त्यामुळे एंझाइमच्या २४२ व्या स्थानी ल्यूसीनऐवजी आर्जिनीन. शिवाय शेजारचे स्रावी जनुक या व्यक्तींत समूळ नाहीसे झालेले होते. २००० साली याच संशोधकांनी हा लोप सुमारे दहा हजार अक्षरांच्या लांबीचा असल्याचे दाखविले.

या शोधाचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. भारतीय मुंबई गटात हे दोन दोष एकमेकांस बांधलेले असतात. एकात लक्षावधीतील एक अक्षर बदललेले, तर दुसऱ्यात संपूर्ण परिच्छेद पुसलेला. केवळ रुग्णांची यादी पाहणाऱ्यास असे म्हणता आले असते, की मोठा लोप हेच खरे कारण असून एका अक्षराचा बदल ही त्याच्याबरोबर आलेली निरुपद्रवी खूण आहे. सहभाव म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे तत्त्व इतिहासाच्या अभ्यासकास सांगावयास नको. या शंकेचे निरसन संवर्धित पेशींनी केले. एच जनुक एकटे घातले असता पेशीवर एच द्रव्य उमटते, हे आधीच ठाऊक होते. ७२५ व्या स्थानी बदल असलेले जनुक घातले असता ते उमटत नाही. म्हणून तांबड्या पेशींवरील अभावाचे कारण तो एका अक्षराचा बदल होय आणि लाळेतील अभावाचे कारण स्रावी जनुकाचा लोप होय, असा निवाडा देता आला.

याच जोडीचा ठसा भारताबाहेरही सापडला. हिंदी महासागरातील रेयुनियाँ या फ्रेंच बेटावर एच द्रव्याच्या अभावाची व न्यूनतेची उदाहरणे पूर्वीपासून ज्ञात होती. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील भारतीय वंशाच्या व्यक्तींत ७२५ चा बदल व स्रावी जनुकाचा लोप ही जोडीच आढळली. उलट, तेथील युरोपीय वंशाच्या व्यक्तींत ११७ व्या स्थानी निराळाच बदल होता, आणि त्यात एच द्रव्य पूर्ण नाहीसे न होता क्षीण होते. समूहनाच्या चाचणीत जे प्रकार शेजारी बसतात, ते उत्पत्तीने इतके भिन्न असू शकतात. एकाच लक्षणाची अनेक कारणे असू शकतात, आणि ‘मुंबई’ हे नाव त्यांपैकी फक्त लक्षणाचे आहे, कारणाचे नव्हे.

मात्र संवर्धित पेशीची साक्ष सर्वस्वी निर्दोष आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. कॉस पेशीत घातलेल्या जनुकाच्या असंख्य प्रती होतात. त्यामुळे मुळात दुर्बळ असलेले एंझाइमही केवळ संख्याबळावर काम रेटून नेऊ शकते. शिवाय माकडाच्या मूत्रपिंडाची पेशी ही रक्तपेशी नव्हे. या दुसऱ्या मर्यादेचे बोधप्रद उदाहरण जपानमधून मिळाले. तेथे तांबड्या पेशींवर बी द्रव्य जवळजवळ नसलेल्या, पण लाळेत ते असणाऱ्या काही व्यक्ती आढळतात. त्यांच्या बी जनुकाच्या एंझाइम घडविणाऱ्या भागात कोणताही दोष दिसत नव्हता. २०१२ साली सानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की या जनुकाच्या पहिल्या अंतर्भागातील, म्हणजे एंझाइमच्या घडणीत ज्याचा अंतर्भाव होत नाही अशा भागातील, सुमारे ५,८०० अक्षरे त्या व्यक्तींत गळालेली असतात, आणि त्या गळालेल्या भागात जनुकास कार्यप्रवृत्त करणारा अंश असतो. हा अंश के-५६२ या रक्तपेशीसदृश वंशात परिणाम दाखवितो. जठराच्या पेशीवंशात दाखवीत नाही. लाळेत द्रव्य असून रक्तात का नसते, याचा उलगडा यामुळे झाला. साक्षीदार योग्य निवडला नाही, तर खरा दोषही निर्दोष ठरतो, असा याचा अर्थ आहे.

म्हणून खुद्द तांबड्या पेशी निर्माण करणाऱ्या मानवी पेशींचा टिकाऊ वंश हाती येणे, ही अभ्यासकांची पुढील गरज होती. २०१७ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी थायलंडमधील सहकाऱ्यांसह असा एक वंश वर्णिला. प्रौढ मनुष्याच्या अस्थिमज्जेतील पेशींपासून तो तयार केलेला असून ‘बेल-ए’ या नावाने ओळखला जातो. या पेशी प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढविता येतात आणि इच्छिल्यास त्यांस पक्व होऊ देऊन केंद्रकरहित तरुण तांबड्या पेशी मिळविता येतात. २०१८ साली ॲश टॉय यांच्या गटाने जनुकसंपादनाच्या साहाय्याने या वंशातील रक्तगटांची जनुके निकामी केली. त्यांत एच जनुकही होते. ते निकामी होताच त्या पेशींवरील एच द्रव्य नाहीसे झाले, म्हणजेच काचपात्रात मुंबई गटाच्या पेशी तयार झाल्या. पुढे एकाच वेळी पाच रक्तगटांची द्रव्ये नसलेला वंशही त्यांनी तयार केला. १९५२ साली जे वैचित्र्य निसर्गाने समोर ठेवले होते, ते ६६ वर्षांनी हेतुपुरस्सर घडविता आले. ज्याचे कारण खरोखर कळले आहे ते पुन्हा घडविता येते. या अर्थाने हा प्रयोग म्हणजे मुंबईच्या निरीक्षणावरील अखेरची टीका होय.

या प्रयोगातून रुग्णास लगेच रक्त मिळू लागले, असे मात्र नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये प्रयोगशाळेत वाढविलेल्या तांबड्या पेशी दात्याहून अन्य मनुष्यास प्रथमच चाचणी म्हणून देण्यात आल्याचे जाहीर झाले. त्या पेशी दात्याच्या रक्तातील मूलपेशींपासून वाढविलेल्या होत्या, बेल-ए वंशाच्या नव्हत्या, आणि त्यांचे प्रमाण केवळ एकदोन चमचे होते. मुंबई गटाच्या रुग्णाचा आधार अद्यापि त्याच्याच गटाचा जिवंत दाता हाच आहे. आणि तो दाता शोधण्याची पहिली पायरी आजही १९५२ सालचीच आहे : ओ वाटणाऱ्या रक्ताचा रक्तरस ओ गटाच्या पेशींशी ताडून पाहणे. भाटिया ज्या संस्थेशी पुढे निगडित राहिले, ते भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र मुंबईत १९५७ साली स्थापन झाले, आणि त्याच केंद्राचा पुढे राष्ट्रीय संस्थेत विस्तार झाला. नव्या पद्धतींनी जुन्या चाचणीस निरुपयोगी ठरविले नाही. ती का अचूक आहे एवढे सांगितले.

अखेरीस नावाविषयी. शहराचे अधिकृत इंग्रजी नाव १९९५ साली मुंबई झाले; रक्तगटाचे ‘बॉम्बे’ हे नाव शास्त्रीय लेखनात तसेच राहिले. ‘ओ’च्या पायाशी ‘एच’ लिहिण्याची रीतही राहिली, जरी त्या व्यक्तीजवळ ए किंवा बी जनुक असू शकते हे १९५५ पासून ज्ञात आहे. चिन्हे ज्ञानापेक्षा सावकाश बदलतात, आणि त्यात सहसा फारशी हानी नसते. परंतु रक्तपेढीच्या पिशवीवर ‘ओ’ व ‘ओ-एच’ यांतील अंतर एका लहानशा अक्षराएवढेच असते, आणि त्या अक्षरावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो. म्हणून चिन्ह जुने राहिले, तरी ते वाचणाऱ्याचे ज्ञान जुने राहून चालणार नाही. पुंजक्याने प्रश्न विचारला, वंशावळीने त्याचे उत्तर सुचविले आणि संवर्धित पेशीने ते सिद्ध केले. या तिन्ही पुराव्यांची मर्यादा व परस्परांवरील अवलंबित्व ओळखणे, हाच या इतिहासाचा बोध होय.